उघड्या पोर्टचे मालक

माझ्या घरमालकांनी मला खोली दाखवली तेव्हा तिच्या दाराला आतून कडी नव्हती. मी ते नम्रपणे त्यांच्या नजरेस आणून दिलं. ते म्हणाले, "कडी कशाला? तू आत काय करणार हायस?" या प्रश्नाला इभ्रतदार उत्तर सापडेना, म्हणून मी खोली घेतली.

सोलापूरच्या पूर्व भागातली ती गल्ली. आजूबाजूला यंत्रमाग. मागांचा खडखडाट चालू असताना ओरडून बोलायचं आणि तो थांबला तरी ओरडूनच बोलायचं, अशी तिथली पद्धत. घरात तेलुगू, ओट्यावर मराठी आणि रिक्षावाल्याशी दखनी. मालकांना मी काका म्हणायचो, ते मला 'इंजिनेर' म्हणायचे. मी जेऊरचा, चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नेटवर्क सांभाळणारा. 'सांभाळणारा' हा शब्द नेमणूकपत्रातला आहे, त्याची जबाबदारी मी घेत नाही.

काकांनी उभं आयुष्य चादरींवरची नक्षी काढली होती. ग्राफ पेपरचा एक चौकोन म्हणजे एक धागा. असे चौकोन पेन्सिलीने भरत भरत माणसाची पाठ वाकते, चष्मा जाड होतो आणि शेवटी चादरीवर एक पोपट बसतो. पूर्वी त्या कागदावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची आणि पुठ्ठे मागावर चढवायचे. आता मागालाच कॉम्प्युटर जोडलेला असतो, त्याला फाइल दिली की पोपट छापल्यासारखे निघतात. म्हणून काकांनी पोपट, मोर, हत्ती, गुलाब असा सगळा संसार स्कॅन करून, साफसूफ करून घरच्या कॉम्प्युटरवर 'नक्षी' नावाच्या फोल्डरमध्ये भरला होता. आणि ते फोल्डर वाय-फायवरून अख्ख्या गल्लीला उघडं होतं.

उघडं म्हणजे कसं, ते जरा सांगतो. कॉम्प्युटरला हजारो दारं असतात, आमच्या धंद्यात त्यांना पोर्ट म्हणतात, प्रत्येकाला नंबर असतो. त्यातलं चारशे पंचेचाळीस नंबरचं दार फायलींच्या देवाणघेवाणीचं. घरातल्या घरात ते बरं असतं, पण तिथेही कुणाला काय करता येईल हे ठरवून द्यायचं असतं. काकांनी ठरवलं होतं. यादीत एकच नाव होतं, 'एव्हरीवन', आणि त्याच्यापुढे 'फुल कंट्रोल'. म्हणजे कुणीही यावं, बघावं, न्यावं, खोडावं, आणि स्वतःचं काहीबाही आणून टाकावं. त्याप्रमाणे लोक टाकतही होते. हत्ती आणि गुलाबाच्या मधोमध कुणाच्या तरी बारशाचे फोटो होते, एका हॉटेलचा मेनू होता आणि एक दातांचा एक्स-रे होता. तो कुणाचा, हे गल्लीला शेवटपर्यंत कळलं नाही. मला कळलं, कारण माझाच होता.

पहिल्याच आठवड्यात मी काकांना धोके समजावले. मी कारखान्यात या विषयावर व्याख्यान देत असे, प्रोजेक्टर लावून. ते त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "शेअर म्हणजे काय रं, इंजिनेर?" मी म्हणालो, वाटून घेणं. ते म्हणाले, "शेअर रिक्षात बसतो की न्हाय तू? तितं शेजारी कोन बसलंय, त्याचा पासवर्ड विचारतो का?"

व्याख्यानात या प्रश्नाची स्लाइड नव्हती.

मी स्वतः किती सुरक्षित होतो, तेही सांगायला हवं. सिनेमे या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर न्यायला सोपं जावं म्हणून मीही माझ्या लॅपटॉपवरचं एक फोल्डर उघडं केलं होतं. घाईत ते एक पायरी वरचं उघडं झालं. काका सकाळी चहाबरोबर नेटवर्कवर एक फेरी मारत, जसे काही लोक पेपर वाचतात. एक दिवस ते काकूंना मोठ्याने काहीतरी वाचून दाखवत होते आणि काकू हसून दाराला टेकल्या होत्या. वाचन चाललं होतं माझ्या लग्नाच्या बायोडेटाचं. 'छंद : वाचन, ट्रेकिंग' ही ओळ त्यांना विशेष आवडली असावी, कारण त्यांनी ती खोडून 'छंद : झोप' असं केलं. फुल कंट्रोल मीच दिला होता. मला पत्ता नाही. मी तो कागद तसाच एका स्थळाला पाठवला. मुलीच्या वडिलांचा फोन आला की मुलगा सरळ दिसतो, भेटायला या. तिच्याशीच माझं पुढे लग्न झालं. त्यामुळे उघड्या पोर्टचे दुष्परिणाम किती दूरवर जातात, हे मी अधिकाराने सांगू शकतो.

काकांच्या नक्षीची चोरी हा गल्लीतला रोजचा व्यवहार होता आणि काकांना त्याचं वाईट वाटायचं असं मी बरेच दिवस समजत होतो. तसं नव्हतं. त्यांच्या लेखी माणूस दोनच कारणांनी दुसऱ्याची वस्तू नेतो, एक तर अडला असेल म्हणून, नाहीतर वस्तू चांगली असेल म्हणून, आणि पोपटावाचून कुणी अडत नाही. त्यामुळे कुठे आपलं डिझाइन दिसलं की ते परीक्षकाच्या नजरेने बघायचे. एकदा आम्ही गल्लीतल्या एका घरी सांत्वनाला गेलो होतो. गेलेल्या माणसाच्या पलंगापाशी काका वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. बायकांना हुंदका फुटला. मीही जवळ जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तर ते पलंगावरच्या चादरीचं टोक चिमटीत धरून माझ्या कानात म्हणाले, "माझाच पोपट हाय. चोच बिघडवलीय भडव्यानं."

चोच बिघडवणारा माणूस म्हणजे मागच्या गल्लीतले एक कारखानदार. त्यांचा 'स्वतःच्या डोक्यातून काढलेल्या' डिझाइनांबद्दल मोठा लौकिक होता. चोचीच्या प्रकरणापासून काकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. चोरी चालली असती, चोच चालली नाही.

आता माझा पराक्रम. मैंदर्गीला काकांचा एक जुना शिष्य होता, त्याने तिकडे दोन-चार माग टाकले होते. त्याला सोलापूरला न येता फायली हव्या होत्या. मी त्याला 'मेलवर पाठवतो' असं म्हणालो असतो तर पाच मिनिटांत काम झालं असतं, पण मग मी इंजिनिअर आहे हे दिसलं कुठे असतं? मी म्हणालो, काका, मी तुमचं फोल्डर इंटरनेटवरूनच उघडं करून देतो, मैंदर्गीच काय, मस्कतहून पण दिसेल. इंटरनेटवाल्या कंपनीने ते चारशे पंचेचाळीस नंबरचं दार आपल्या बाजूने बंद ठेवलं होतं. शहाणी माणसं तसंच ठेवतात. मी त्यांना फोन करून भांडलो. समोरची मुलगी म्हणाली, सर, हे धोक्याचं आहे. मी तिला सांगितलं की मी याच क्षेत्रातला आहे. त्या बिचारीने ऐकलं. कंपनीच्या बाजूचं दार उघडलं, घरच्या राउटरमधलं मी उघडलं. काकांनी माझ्यासाठी काकूंना खास शेंगाची पोळी करायला लावली. मी ती खाल्ली.

घरातल्या कपाटाचं दार उघडं ठेवणं वेगळं आणि कपाटच नेऊन स्टेशनसमोर ठेवणं वेगळं. जगात काही प्रोग्राम अष्टौप्रहर हेच करत असतात, एकेक पत्ता घ्यायचा आणि हे दार ढकलून बघायचं. मी हे प्रोजेक्टरवर दाखवायचो, बाणबिण काढून. काकांचं दार ढकलावं लागलं नाही.

त्या सकाळी काकांनी मला हाक मारली ती कौतुकाची वाटली. "इंजिनेर, ह्ये बघ, पोपटाचं नाव बदललंय." सगळ्याच फायलींची नावं बदलली होती. प्रत्येकीच्या शेपटाला अर्थ नसलेली अक्षरं लागली होती आणि एकही उघडत नव्हती. सोबत इंग्रजीत एक निरोप होता: फायली कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी असेल तर पैसे पाठवा, तेही कसल्या तरी अदृश्य परदेशी नाण्यांत. मी वाचून दाखवलं.

काका खुर्चीत सावरून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याला मी आधी धक्का समजलो. तो अभिमान होता. "कुटला हाय ह्यो मानूस?" त्यांनी विचारलं. "परदेशातला? त्याला नक्षीतलं कळत असंल न्हाय?" एवढ्या लांबून येऊन कुणीतरी आपलंच फोल्डर निवडलं, याचं त्यांना इतकं अप्रूप वाटलं की त्यांनी काकूंना बाहेर बोलावून ते तेलुगूत पुन्हा सांगितलं. मी मूर्ख. मला तिथे गप्प बसता आलं असतं. मी समजावलं, की काका, हा माणूस नाही, प्रोग्राम आहे, आत पोपट आहे की पाण्याचं बिल, हे त्याला माहीत नाही, तो बघत पण नाही.

"बघत पन न्हाय?" काका म्हणाले. मग पहिल्यांदा त्यांचा चेहरा उतरला.

कागद नव्हते. स्कॅन झाल्यावर ते सगळे रद्दीत गेले होते, आणि 'आता कागद कशाला, काका' हे वाक्य या घरात कुणी उच्चारलं होतं, ते तुम्ही ओळखलं असेलच. मी बॅकअप मात्र घेतला होता. तेवढा मी कच्चा नाही. तो त्याच कॉम्प्युटरवर, शेजारच्या डी ड्राइव्हमध्ये होता. चोराने तोही कुलूपबंद केला होता, दोन्ही खोल्यांना एकच कुलूप.

"कडबा पन गेला?" काकांनी विचारलं.

कडबा हे त्यांचं सगळ्यात आवडतं डिझाइन. ज्वारी काढल्यावर रानात पेंढ्या उभ्या करून ठेवतात, त्या पेंढ्या, एकीला एक टेकलेल्या, आणि मधून रिकामी जमीन. पोपट नाही, मोर नाही. त्यांनी ते कुणाच्या ऑर्डरीवरून काढलं नव्हतं, मनाने काढलं होतं. पिवळ्याच्या कितीतरी छटा त्यात घातल्या होत्या आणि त्यासाठी डोळ्यांचं ऑपरेशन लांबवलं होतं. पोपट पोटासाठी, कडबा आपल्यासाठी, असं ते म्हणायचे. पोपट पुन्हा काढता येतील, हे त्यांनीच मला सांगितलं. त्यांना कडबा हवा होता.

वाट काकूंनी काढली. त्या दाण्याचं कूट करता करता म्हणाल्या, "ज्यांनी नेलंय त्यांच्याकडं असंलच की." कुलूपबंद केलेल्या फायलींसाठी जगभरातले तज्ज्ञ काय काय उपाय सुचवतात, ते मी सकाळपासून वाचत होतो. हा त्यात नव्हता.

पण चोराने कबूल कसं व्हायचं? गल्लीत फिरून विचारलं तर प्रत्येकजण म्हणे, आमच्याकडं कसं असणार काका, आम्ही तुमच्या फोल्डरात कधी गेलोच नाही. तेव्हा काकूंनी ओट्यावर बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला आणि निरोप फिरवला की ज्याला जे 'चुकून' आलं असेल त्याने पेन ड्राइव्ह डब्यात टाकून जावं, आम्ही आत जेवायला बसतोय, कुणी बघणार नाही. जेवण झाल्यावर बघतो तर डबा भरलेला. काही पेन ड्राइव्ह तर कागदात गुंडाळून, आहेरासारखे. अनोळखी पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला कधीही लावू नये, हे माझ्या व्याख्यानाचं शेवटचं वाक्य असतं. त्या दुपारी मी डबाभर लावले.

नक्षी परत यायला लागली. हत्ती आले, गुलाब आले, मोर तर इतक्या घरांतून आले की मोजायचं सोडून दिलं. काही जणांनी स्वतःची नावं टाकली होती, काहींनी रंग बदलले होते. काका खुश होते. "ह्यानं बरं केलंय की," असं दोन-तीनदा म्हणाले. पण दर पेन ड्राइव्हला ते यादी खालपर्यंत बघायचे आणि दुसरा लावायला सांगायचे. डबा संपला. कडबा नव्हता. मैंदर्गीला फोन केला, तर शिष्याने फक्त पोपट नेले होते.

आता उरले मागच्या गल्लीतले कारखानदार. काका म्हणाले, त्यानं समदं नेलंय, त्याच्याकडं असणार. मग त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. चोराकडे जाताना माणूस इतका नीटनेटका होतो, हे मी पहिल्यांदा बघितलं.

कारखानदारांनी चहा मागवला. काकांनी कारण सांगितल्यावर ते खुर्चीत मागे रेलले. "तुमचं माझ्याकडं काय असणार? आमचा धंदा आमच्या डोक्यावर चालतो."

मला वाटलं, आता चोच निघणार. काका म्हणाले, "त्येच म्हनतो मी. तुमच्याच डोक्यातलं बघायला आलोय. तुमचा पोपट लई नावाजतात लोक. आमाला पन शिकू द्या की जरा."

एवढ्या स्तुतीपुढे कुठलाही चोर टिकत नाही. त्यांनी कॉम्प्युटर उघडला. फोल्डरचं नाव 'आमचे नवीन कलेक्शन'. आत काकांचा अख्खा संसार, आणि फायलींची नावंही काकांचीच, चुकांसकट. 'मोर फायनल', 'मोर खरा फायनल', 'मोर आता बास'. बदलायचेही कष्ट घेतले नव्हते. काका मान डोलावत होते, हे छान सुचलं तुम्हाला, हे पण छान सुचलं. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हतो. पण त्यांची नजर पडद्यावरून हलत नव्हती. यादी 'हत्ती जोडी'वर संपली.

"कडब्यासारकं काई सुचलं न्हाय का तुमाला?" काकांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. "पेंढ्याबिंढ्या?"

कारखानदार मोकळेपणाने हसले. खरंच हसले, त्यात खोट नव्हती. "ते बघितलं होतं की मी तुमच्या..." इथे ते थांबले आणि त्यांनी वाक्याला वळण दिलं. "म्हणजे, कुठंतरी बघितलं होतं. चादरीवर कडबा? माणसं झोपणार हायत का जनावरं?"

काकाही हसले. माझ्या आधी हसले. चहा पूर्ण प्यायले, फायली पेन ड्राइव्हमध्ये घेतल्या, 'तुमच्या' पोपटांबद्दल आभार मानले आणि आम्ही निघालो.

वाटेत काका माझ्या दोन पावलं पुढे चालत होते. मागांचा खडखडाट चालू होता, त्यामुळे बोलता येत नाहीये, असं मी स्वतःला सांगत होतो. एवढी वर्षं ते फोल्डर सताड उघडं होतं. शेजारपाजाऱ्यांनी नेलं, मागच्या गल्लीने नेलं, मैंदर्गीने नेलं. जे नेलं ते वाचलं. कडबाही त्याच फोल्डरात होता, त्याच परवानगीत, पोपटाच्या शेजारी.

घरी येऊन काका ओट्यावर टेकले. मी त्यांच्यापुढे उभा. राउटरमधलं दार मी सकाळीच बंद केलं होतं. ते त्यांना सांगावं, की आता पासवर्ड लावू, बॅकअप दुसरीकडे ठेवू, असं काहीबाही जुळवत होतो. ते जुळेपर्यंत त्यांनी वाट बघितली नाही.

"तू तर रोज त्या फोल्डरात असायचास की," ते म्हणाले. "भनीच्या लग्नाला पोपट नेलास. त्या लॅपटॉपवर मोर लावलास. तुमच्या जेऊरला तर घराघरापुडं कडबा असतोय. तुला पन कदी घ्यावा वाटला न्हाय?"

दार उघडल्याबद्दल, रद्दीबद्दल, डी ड्राइव्हबद्दल ते मला एका शब्दाने बोलले नव्हते. बोलले असते तर माझ्याकडे उत्तरं तयार होती. पण मी ती फाइल कधी उघडलीच नव्हती. यादीत नाव दिसायचं, 'कडबा', आणि मला वाटायचं, कडबा काय बघायचा?

"मला ते अर्धवट वाटलं, काका," मी म्हणालो. "वाटलं, तुमचं अजून काम चाललंय त्यावर. अर्धवट असताना कसं घ्यायचं?"

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. माझ्याकडे नीट बघितलं. त्यांना नक्षी काढताना एवढ्या वर्षांत लोकांनी खूप काही विचारलं असेल, कधी देता, किती घेता, पण बहुधा असं कुणी बोललं नसावं.

"कुटं अर्धवट वाटलं?"

मी चिंचोळीच्या कारखान्यात प्रोजेक्टरसमोर जेवढ्या आत्मविश्वासाने उभा राहायचो, तेवढाच आणून म्हणालो, "खाली. उजव्या कोपऱ्यात."

मांडीवर बोटाने एकेक चौकोन भरल्यासारखं करत काका खाली खाली गेले, उजवीकडे वळले आणि तिथे बोट थांबलं.

"व्हय की," ते म्हणाले. "तितं मला पन शंका होती." मग आतल्या बाजूला बघत काकूंना तेलुगूत काहीतरी विचारलं, आणि त्यांचं उत्तर यायच्या आधीच मला म्हणाले, "ग्राफ पेपर कुटं मिळतो रं आता?"